इटलीत गाय मिळेना

इटलीहून परत आलेल्या माणसांकडे कलोसियमचे फोटो असतात. आमच्याकडे कलोसियमचे चार आहेत आणि त्यांतल्या दोनांत माझा अंगठा आलाय. गायींचे मात्र दोनशेच्या वर निघतील. ज्यांना इटली समजून घ्यायची आहे त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी प्रवासवर्णन वाचावं. ज्यांच्या घरी अधिक महिन्यात सासूबाई राहायला आल्या आहेत त्यांनी हे जरूर वाचावं.

आम्ही रायस्वाइकला राहतो, म्हणजे हेगला चिकटून असलेल्या गावात. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मराठी बोलताना जपून बोलावं लागतं, इतके आपले लोक तिथे आहेत. मी रोज ट्रेनने ब्रेडाला जातो आणि एका मालवाहतूक कंपनीत ट्रकांचे मार्ग आखतो. कुठला ट्रक कुठून निघेल, वाटेत कुठे थांबेल, पूल बंद असला तर कुठून वळेल, हे माझं काम. मार्ग आखण्यात मला कुणी शिकवू नये. माझ्याबद्दल घरात असाही एक गैरसमज आहे की मी चिडका आहे. मी चिडत नाही, मी स्पष्ट बोलतो. नेदरलँड्समध्ये सगळेच स्पष्ट बोलतात. आवाज जरा मोठा आहे, पण तो आमच्या घराण्यातच आहे.

घरात सायली, माझी बायको. इरा, आमची अकरा वर्षांची मुलगी, जिला मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत नाहीतर डचमध्ये येतं. तिच्या गळ्यात कायम एक निळा, जाडजूड हेडफोन असतो. आणि या उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी कोथरूडहून आलेल्या सायलीच्या आई. पोस्टातून निवृत्त झालेल्या, अडुसष्ट वर्षांच्या, आणि अस्सल खवय्या. पदार्थ पानात पडण्याआधी त्या वासावरून त्यात काय कमी आहे ते सांगतात. मला त्या मिलिंदराव म्हणतात.

आल्या आल्या अधिक महिना लागला आणि आईंनी नेम धरला. महिनाभर रोज गायीला गुळाची पोळी घालायची, आणि गायीनं खाल्ल्याशिवाय आपण अन्नाला शिवायचं नाही. चहा चालेल, कारण चहाला अन्न म्हणत नाहीत. हा निर्णय त्यांचा त्यांनीच दिला. कशासाठी नेम, ते मात्र सांगेनात.

"संकल्प पुरा होईपर्यंत बोलायचा नसतो," एवढंच म्हणाल्या.

मला वाटलं, नेदरलँड्समध्ये हा सगळ्यात सोपा नेम आहे. घरापासून पंधरा मिनिटं चाललं की डेल्फ्टच्या बाजूची कुरणं लागतात, आणि तिथे गायींशिवाय दुसरं काही नाही. पण तिसऱ्या दिवशी कुरणाचा मालक हेंक आपली चारचाकी फटफटी घेऊन आला. मला वाटलं, हाकलणार. त्याने फक्त विचारलं, "तुमची अफस्प्राक आहे का?" म्हणजे वेळ ठरवली आहे का. नव्हती. मग त्याने तिथेच फोन काढून ठरवून दिली. रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटं, एक पोळी, एकच गाय. कानातला बिल्ला सेहेचाळीस नंबर. गाय काळी-पांढरी होती. आईंनी तिचं नाव कपिला ठेवलं. कपिला म्हणजे तांबूस, असं मी म्हणालो तर म्हणाल्या, "नाव मनातून ठेवायचं असतं."

दहा-बारा दिवस सगळं सुरळीत चाललं. आणि मग कळलं की जानेवारीत शाळेची सुट्टी बघून काढलेली रोम-नेपल्सची तिकिटं बरोबर अधिक महिन्याच्या मधोमध येताहेत. आम्ही शाळेचं कॅलेंडर बघितलं होतं, विमानांचं बघितलं होतं, ब्रेडाच्या ऑफिसातल्या रजा बघितल्या होत्या. पंचांग कुणी बघितलं नव्हतं.

"मी थांबते की घरी," आई म्हणाल्या. "कपिला आहे, पोळ्या आहेत."

"छे!" मी म्हणालो. "मी रोज सत्तर ट्रक पोचवतो. मला एक गाय सापडणार नाही?"

एकोणिसावा आणि विसावा दिवस : रोम

पहिल्या दिवशी हेंकने खास सवलत म्हणून पहाटे साडेपाचची वेळ दिली. कपिलेला घालून, पुढच्या पोळ्या डब्यात भरून आम्ही विमान पकडलं आणि संध्याकाळी रोममध्ये होतो. तिथे पिझ्झा कात्रीने कापून वजनावर देतात, शिंप्याकडून कापड घ्यावं तसा. आईंनी बटाट्याचा, भोपळ्याच्या फुलांचा आणि नुसत्या टोमॅटोचा असे तीन तुकडे मागवले आणि टोमॅटोचा पुन्हा मागवला. त्यांना ते शहर आवडलं. मलाही आवडलं. त्या संध्याकाळपुरतं.

विसाव्या दिवशी सकाळी हॉटेलात नाश्ता मांडला होता. आई चहाचा कप घेऊन, दुसरा हात मांडीवर ठेवून बसल्या.

"तुम्ही खा. माझं गाय झाल्यावर."

मी फोनवर जवळपासची गाय शोधली. एकेचाळीस उत्तरं आली, सगळी हॉटेलांची. एका फोटोत गायीच्या अंगावर तुटक रेषांनी भाग पाडून प्रत्येकावर नाव लिहिलं होतं. इराने तो फोन आजीच्या समोरून उचलून खिशात घातला.

माझ्याकडे अर्थातच तक्ता तयार होता. त्यात 'गाय' नावाचं वेगळं पान होतं. पहिला पर्याय प्राणीसंग्रहालय, पण तिथे खाऊ घालायला बंदी. दुसरा पर्याय शहराबाहेरच्या जुन्या रोमन रस्त्यालगतची कुरणं. आम्ही दोन बस बदलून तिथे गेलो. दोन हजार वर्षांपूर्वीचे दगड, उंच पाइनची झाडं, पिवळं गवत, आणि त्यात चरणारं शंभरेक जनावर. मी विजयी मुद्रेने आईंकडे वळलो.

"मेंढ्या आहेत त्या, मिलिंदराव."

"चार पाय आहेत. गवत खातात. दूध देतात."

"तशी शेळीही देते."

सायली मधे पडली. "आई, पूजेत वस्त्र नसलं तर अक्षता वाहतो, दागिना नसला तर अक्षता वाहतो. गाय नसली तर दोन अक्षता टाक आणि खाऊन घे ना. तुला शुगर आहे."

"अक्षता देवाला चालतात," आई म्हणाल्या. "गायीनं काय करायच्या?"

अकरा वाजले होते, ऊन छत्तीसला पोचलं होतं. आई पदराने वारा घेत होत्या आणि सायली पिशवीत ग्लुकोज शोधत होती. मला धास्ती वाटली. ती वाटली की माझा आवाज चढतो. मी बसच्या चालकाशी, मग मेंढपाळाशी, मग सायलीशी स्पष्ट बोललो. इराने हेडफोन गळ्यातून उचलून कानांवर चढवला आणि ती पाइनच्या झाडाकडे तोंड करून उभी राहिली.

आईंनीच तोड काढली. आइस्क्रीमची एक गाडी उभी होती. पिस्त्याचं आइस्क्रीम घेऊन त्या बाकावर बसल्या आणि कपाकडे बघत राहिल्या. चार मिनिटांत त्याचं पाणी झालं. मग त्यांनी ते दोन्ही हातांनी उचलून पिऊन टाकलं.

"पातळ आहे. चहासारखंच झालं," असं म्हणून त्यांनी पदराने ओठ टिपले. "पिस्ता मात्र खरा वापरलाय."

त्यानंतर टॅक्सी केली. चालकाचं नाव अल्दो. इराने त्याला फोनवर गायीचा फोटो दाखवला. त्याने बोटांचं चुंबन घेतलं, "आ!" म्हणाला आणि सुसाट निघाला. वीस मिनिटांनी त्याने आम्हाला ज्या दारात उतरवलं तिथला माणूस आम्हाला थेट एका काचेच्या कपाटापुढे घेऊन गेला आणि यांतली कुठली हवी, असं खुणेनं विचारू लागला. आईंनी डोळे मिटले आणि रामरक्षा सुरू केली. आम्ही त्यांना तशाच मिटल्या डोळ्यांनी पुन्हा टॅक्सीत आणून बसवलं.

मी अल्दोशी अतिशय स्पष्ट बोललो. त्याला मराठी येत नाही हे मला माहीत होतं. शेवटी इराने फोनमध्ये काहीतरी लिहून त्याच्यापुढे धरलं. फोन इटालियनमध्ये बोलला. अल्दोचा चेहरा गंभीर झाला.

"काय लिहिलंस?" मी विचारलं.

"दॅट वी वॉन्ट अ लिव्हिंग वन," इरा म्हणाली. "अँड दॅट शी ईट्स फर्स्ट."

अल्दोने आईंकडे आरशातून बघितलं, आपल्या काकाला फोन लावला आणि शहराबाहेर वीस मैल गाडी हाणली. काकाच्या वाड्यात राखाडी रंगाची, हातभर लांब शिंगांची जनावरं उभी होती. आई टॅक्सीतून उतरल्या त्या माहेरी आल्यासारख्या. त्यांचं माहेर माणदेशातलं.

"अगं बाई, खिल्लारच की ही!"

पोळी संपली. काकूंनी अंगणात टेबल मांडून टोमॅटो, पाव, पांढऱ्या शेंगांची उसळ आणि ऑलिव्हचं तेल ठेवलं. दुपारचे अडीच वाजले होते. आईंना जेवताना बघून मला इतकं बरं वाटलं की मी तिथे कुणाशीच काही बोललो नाही. पहिला घास घेताच त्या म्हणाल्या की उसळीला लसूण किंचित जास्त आहे.

एकविसावा, बाविसावा : रोम आणि पुढे

मग सोपं झालं. सकाळी साडेसहाला अल्दो दारात. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःचाही एक पाव आणला होता. त्याचा फुटबॉलचा संघ सारखा हरत होता म्हणून त्यानेही गायीला घालायचं ठरवलं. आईंनी त्याला उजव्या हाताने घालायला लावलं आणि आधी चपला काढायला लावल्या.

कलोसियम बघितलं. माणसं आणि जनावरं यांची झुंज इथे कशी लावत ते मार्गदर्शक बाईंनी सांगितलं. त्यांत गुरंही असत का, असं आईंनी विचारायला लावलं. असत, बैल असत.

"म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आलो असतो तर इथेच काम झालं असतं," आई म्हणाल्या. तेवढ्यात घेतलेल्या फोटोत माझा अंगठा आला.

बाविसाव्या दिवशी खिल्लारांचा निरोप घेऊन ट्रेनने नेपल्सला गेलो. रोमनंतर नेपल्स म्हणजे एकदम लक्ष्मी रस्ता. स्कूटरवर तीन माणसं, मधे कुत्रं. दोऱ्यांवर कपडे, बाल्कनीतून गप्पा, आणि सगळे एकाच वेळी ओरडून बोलतात. मला तिथे फार मोकळं वाटलं. कुणीही मला चिडका म्हणालं नसतं. सायली म्हणाली, "तू इथलाच. आम्ही परत जातो."

ज्या घरात उतरलो ते तिसऱ्या मजल्यावर, मालकीण कार्मेला, आईंच्याच वयाची. भाजीवाला खाली आला की ती दोरीला बांधलेली टोपली सोडायची आणि वर ओढून घ्यायची. नारायण पेठेत आईंची मावशी पिशवी सोडायची, हुबेहूब तशी. या दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळे त्या अखंड बोलत होत्या. नेमाची गोष्ट रोममध्ये प्रत्येकाला तीन-तीनदा समजवावी लागली होती. कार्मेलाला इराने एकदा सांगितली आणि तिने छातीवर हात ठेवला. मुलगा परीक्षेत पास व्हावा म्हणून तिने स्वतः वर्षभर कलिंगड खाल्लं नव्हतं. मुलगा पास झाला होता, पण पुढे शिकला नाही. याचं तिला कलिंगडासाठी वाईट वाटत होतं.

रात्रीच्या जेवणाआधी तिने शंखाच्या आकाराची, पापुद्र्यांची एक गोड वस्तू दिली. आई एक पापुद्रा सोडवून म्हणाल्या, "चिरोटा. साजूक तुपात असता तर बरा झाला असता." आणि तीन खाल्ले.

तेविसावा : नेपल्स

आता माझ्या हातून काय झालं ते लिहायला हवं.

नेपल्सजवळ मोझारेला चीज करणारा एक मोठा गोठा बघायची वेळ मी जूनमध्येच, नेमाच्या आधीच, घेऊन ठेवली होती. तक्त्यात तेविसाव्या दिवसापुढे हिरवा रंग होता. नेदरलँड्समध्ये दहा वर्षं राहिलेल्या माणसाच्या डोक्यात चीज म्हटलं की गायच येते. दुसरं काही येऊच शकत नाही. सायलीने आदल्या दिवशी विचारलं होतं, "नक्की गायीच आहेत ना?" मी म्हणालो होतो, "मार्ग मी आखलाय."

भाड्याच्या गाडीने दीड तास लांब होतं. वाटेत टायर पंक्चर झालं, मग चुकीच्या गावात शिरलो. पोचायला साडेबारा वाजले. गोठा एखाद्या पंचतारांकित हॉटेलसारखा होता. जनावरांना रबरी गाद्या होत्या, पाठ खाजवायला फिरते ब्रश होते, आणि कुठूनतरी संथ व्हायोलिन वाजत होतं. आणि त्या गाद्यांवर, व्हायोलिन ऐकत, तीनशे म्हशी बसल्या होत्या.

आम्ही म्हशींकडे बघितलं. म्हशींनीही आमच्याकडे बघितलं.

"म्हैस," आई म्हणाल्या.

मी पुण्याला गुरुजींना फोन लावला. ते एका लग्नात होते, मुलाची अमेरिकेची रजा संपत होती म्हणून अधिकातच लावलेल्या. मागे मंगलाष्टकं चालू होती. मी प्रश्न ओरडून सांगितला. ते म्हणाले, म्हैस चालणार नाही, म्हैस म्हणजे यमाच्या वाहनाची जात, आणि "सावधान" असं त्याच दमात दुसऱ्या कुणाला तरी म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"मग काय मी यमाला जेवायला घालू?" आई म्हणाल्या आणि एका दगडी पायरीवर बसल्या. त्यांना घाम फुटला होता. "मला जरा गरगरतंय गं, सायली."

सायलीने बाटलीतलं लिंबाचं सरबत त्यांच्या तोंडाला लावलं. "आई, पुरे झालं आता. खा काहीतरी. मी सांगते तुझ्या देवाला."

"बावीस दिवस झालेत," आई हळूच म्हणाल्या. "आठ राहिलेत. आता कसं सोडू?"

मी घाबरलो होतो. त्या क्षणी मला दुसरं काही वाटत नव्हतं, निव्वळ भीती. आणि मी ओरडायला लागलो. सायलीवर, की तिने नीट विचारलं का नाही. फोनमधल्या नकाशावर, पंक्चरवर, गुरुजींवर, त्या व्हायोलिनवर. गोठ्यातली सगळी कामं थांबली. तीनशे म्हशी उठून उभ्या राहिल्या. इरा हेडफोन घालून, त्यावरून दोन्ही हात दाबून, आजीच्या मागे जाऊन बसली. मी ते बघितलं आणि तरी मी आणखी दोन वाक्यं ओरडलो.

आतून गोठ्याची मालकीण आली. पन्नाशीची, उंच बूट घातलेली बाई. तिला वाटलं कुणी मेलं. इराने हेडफोन काढून तिला फोनमधून सगळं सांगितलं. बाईने ऐकून घेतलं, आणि मग एक बोट वर केलं. एक. तिच्याकडे एक गाय होती. सासऱ्यांना कॉफीत म्हशीचं दूध चालत नाही म्हणून ठेवलेली.

आम्ही आईंना धरून मागच्या गोठ्यात नेलं. गाय होती. तांबूस रंगाची, म्हातारी, भित्री. खरीखुरी कपिला. आणि ती कोपऱ्यात, भिंतीला तोंड लावून थरथरत उभी होती. आईंनी पोळी पुढे केली, गाय वळेना. सायलीने चुचकारलं, इराने चुचकारलं. मालकिणीने हाक मारली. गायीने नुसते कान मागे घेतले.

मालकीण काहीतरी म्हणाली आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"शी सेज शी इज स्केअर्ड ऑफ यू," इरा म्हणाली. "सो यू हॅव टू फिक्स इट. नोबडी एल्स कॅन."

"मी?"

माझ्या या एका शब्दाने गाय आणखी कोपऱ्यात सरकली.

आईंनी पोळी माझ्या हातात दिली. "हात तुमचा, पोळी माझी. चालतं."

मी गोठ्यात उकिडवा बसलो. सुरुवातीला "ये, ये" म्हणालो, तर तेही जरा हुकूम सोडल्यासारखं निघालं. गायीचा कान हलला नाही. आवाज आणखी खाली आणला. तेवढ्या खालचा आवाज मी कधी वापरला नव्हता, तो कुठे असतो तेच सापडेना. शेवटी मला काय बोलावं ते सुचेना म्हणून मी खरं तेच बोलायला लागलो. म्हणालो, बाई, माझं चुकलं. मार्ग मीच चुकीचा आखला. मोझारेलाच्या पाकिटावर म्हशीचं चित्र असतं आणि मी ते बघितलं नाही. सायलीनं विचारलं होतं, मीच ऐकलं नाही. मी घाबरलो की ओरडतो गं. तुला उद्देशून नव्हतं. कुणालाच उद्देशून नसतं, पण ते ज्याच्या कानावर पडतं त्याला काय माहीत.

असा मी पाऊण तास गायीशी बोलत होतो. ट्रकांबद्दल बोललो, ब्रेडाच्या साहेबाबद्दल बोललो. पायाला मुंग्या आल्या. मधे केव्हातरी इरा येऊन माझ्या शेजारी पेंढ्यावर बसली. हेडफोन गळ्यात होता. सायली दाराशी उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते. बारा वर्षांच्या संसारात 'माझं चुकलं' हे तिनं माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं होतं आणि तेही मी दुसऱ्याच बाईला म्हणत होतो, असं ती नंतर म्हणाली.

गाय वळली. एक पाऊल आली, थांबली, दुसरं आली. तिने माझ्या हातातली पोळी हुंगली, गुळाची बाजू आधी चाटली आणि मग सगळी पोळी एका घासात ओढून घेतली. मला "वा!" असं मोठ्याने ओरडावंसं वाटलं. इराने माझ्या तोंडावर हात ठेवला.

मालकिणीने आईंपुढे त्याच सकाळी केलेला मोझारेलाचा पांढराशुभ्र गोळा, टोमॅटो आणि पाव ठेवला. आईंनी एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि त्या काय म्हणतात याची आम्ही सगळेच वाट बघत राहिलो.

"म्हशीचं आहे," त्या म्हणाल्या. "पण अप्रतिम आहे."

तिसावा दिवस : रायस्वाइक

त्याच रात्रीच्या विमानाने परतलो आणि पुढचे दिवस हेंकच्या वेळापत्रकाप्रमाणे नेमके गेले. तिसाव्या दिवशी नेमाची सांगता. अधिकात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे असतात, कारण या महिन्यात जावई म्हणजे नारायण. आईंनी दोन दिवस खपून ते तळले होते. आठ वाजून दहाला आम्ही चौघं डबा घेऊन कुरणाच्या कुंपणाशी उभे होतो. सेहेचाळीस नंबरने शेवटची पोळी खाल्ली. आईंनी तिला हात जोडले आणि हेंकला एक अनारसा दिला. त्याने तो दोन्ही बाजूंनी तपासून खाल्ला. मग त्याने इकडच्या पद्धतीप्रमाणे सरळ विचारलं की हे सगळं कशासाठी होतं.

इराला प्रश्न मराठीत आणायची गरज पडली नाही. आईंना तो कळला होता.

"आता सांगायला हरकत नाही," त्या म्हणाल्या. "सांग त्यांना, इरा. आल्या दिवसापासून बघत होते, घरात बाबा बोलायला लागला की ही पोर कानांवर ते घालून बसते. जेवतानासुद्धा. म्हटलं, मिलिंदरावांचा राग तेवढा कमी होऊ दे. नारायण शेषावर पडलेला असतो, कधी कुणावर ओरडलेला ऐकलाय? एवढंच मागितलं."

सायली गवताकडे बघत राहिली. इराने ते सगळं डचमध्ये एका वाक्यात सांगितलं. हेंकने जुनी सायकल विकत घेताना बघतात तसं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मग?" त्याने विचारलं. "झाला का उपयोग?"

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. मी चिडत नाही, मी स्पष्ट बोलतो, हा गैरसमज आहे, आणि ज्या गायींसाठी मी रोमभर वणवण केली त्या गायी माझ्याच रागावर... कुंपणापलीकडे सेहेचाळीस नंबरने रवंथ थांबवलं. इराचा हात गळ्यातल्या हेडफोनवर गेला.

मी तोंड मिटलं. तिच्या त्या हातामुळे मला फार वाईट वाटलं. मग मी नेपल्सच्या गोठ्यात सापडलेला तो आवाज शोधला. तो अजून होता.

"हेंक," मी हळू म्हणालो, "उद्यापासून आठ वाजून दहाची वेळ मोकळी आहे का?"

त्याने फोन काढला. "कुणाच्या नावावर?"

"माझ्या."

"किती दिवस?"

मी विचार करत होतो. इराने हेडफोन गळ्यातून काढून आजीच्या रिकाम्या पिशवीत टाकला आणि माझ्या आधी तिनेच उत्तर दिलं, तेही मराठीत.

"पुष्कळ," ती म्हणाली.

हेंकला ते कळलं असावं, कारण त्याने ते लिहून घेतलं.